शिंपी की वटवट्या? टेकडीवर कानाने पक्षी ओळखताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दर रविवारी पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाता, अधूनमधून सिंहगड चढता, दुर्बीण घेऊन वर्ष झालं. समोर बसलेला पक्षी आता ओळखता येतो, पण झुडपातून नुसता आवाज आला की शिंपी, ॲशी प्रिनिया आणि प्लेन प्रिनिया हे तिघंही सारखेच वाटतात. फोनवरचं ॲप एकाच आवाजाला तीन वेळा तीन नावं देतं. शिवाय खाणीजवळच्या झुडपात ‘टक्… टक्…’ असं कोणीतरी बोलत राहतं आणि दिसत नाही, तो कोण?

त्या ‘टक्’कडे शेवटी येते.

पंचवीसेक वर्षं मी या टेकड्यांवर फिरते आहे आणि अजूनही चुकते. पण कुठे चुकते ते आता कळतं, आणि तेच तुमच्या कामाचं आहे. आवाज शिकायला बसलं की लोक आधी अवघड पक्ष्यांच्या मागे लागतात. तसं करू नका. नेहमीचे सात-आठ पक्षी पुरते शिका. पुरते म्हणजे नुसतं गाणं नाही. त्यांचं भांडण, साप किंवा मांजर दिसल्यावरची बोंब, पिल्लांचं खायला मागणं, तिन्हीसांजेची किरकिर, सगळं. टेकडीवर ‘हा कोणीतरी नवीन आहे’ असं ज्या आवाजाने वाटतं, तो बहुतेक वेळा जुन्याच पक्ष्याचा आपण न ऐकलेला आवाज असतो.

माझं उदाहरण दयाळाचं आहे. आमच्या गच्चीच्या पाण्याच्या टाकीवर बसून मार्च ते जून पहाटे पाचला सुरू होणारा दयाळ मला तोंडपाठ होता. मग एका डिसेंबरात तळजाईच्या झाडीत लांबट, रडवेली ‘स्वीऽऽ’ आणि मागोमाग घसा खरवडल्यासारखं ‘चर्र्र’ असा आवाज मी तीन रविवार शोधला. वहीत त्याला ‘अज्ञात’ असं भारदस्त नावही दिलं होतं. चौथ्या रविवारी तो फांदीवर आला, शेपटी उचलली, तेव्हा कळलं की हिवाळ्यात गाणं बंद ठेवलेला दयाळच तो. पाच वर्षं मला त्याची निम्मीच ओळख होती.

आता तुमचे तिघे. टेकडीवर सगळे इंग्रजी नावंच घेतात, पण इथे मराठी नावं जास्त कामाची आहेत. ॲशी तो राखी वटवट्या आणि प्लेन तो साधा वटवट्या. वटवट करतात म्हणून वटवट्या. शिंपी मात्र वटवट करत नाही, रेटून बोलतो.

शिंप्याचा आवाज त्याच्या देहाच्या मानाने फार मोठा आहे. ‘टुविट-टुविट-टुविट’ किंवा ‘चीप-चीप-चीप’, जे अक्षर धरेल ते एकाच पट्टीत, एकाच वेगाने, एकाच जोराने. शिवणयंत्र चाललं आहे असं समजा. (पानं शिवून घरटं करतो म्हणून तो शिंपी, आवाजावरून नाही, पण लक्षात ठेवायला बरं पडतं.) मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू करताना कधीकधी वेगळंच अक्षर घेतो. इथे माणूसही फसतो आणि ॲपही. अक्षर बदललं म्हणजे पक्षी बदलला असं नाही. तेव्हा अक्षराकडे दुर्लक्ष करा आणि ठोका ऐका. शिंप्याचा ठोका ढळत नाही.

राखी वटवट्याचा ठोका ढळतो. ‘जिवी-जिवी-जिवी’ असं तो म्हणतो, पण आवाज पातळ, किंचित पत्र्याचा, आणि चालीत हेलकावा. घाईने बोलणाऱ्या माणसाचा श्वास मध्येच कमी पडावा तसा. आणि त्याची सगळ्यात पक्की खूण गाण्यात नाहीच. एका झुडपातून दुसऱ्यात जाताना तो ‘चट्-चट्’ असा आवाज करतो, गॅसचा लायटर दाबल्यासारखा. हा आवाज पंखांचा असं बहुतेक जण मानतात, चोचीचा म्हणणारेही आहेत. कशाचा का असेना, इतका स्पष्ट मी राखीकडूनच ऐकला आहे, आणि तो आला की वहीत नाव लिहून पुढे निघते.

साधा वटवट्या गातो हे सुरुवातीला कळतच नाही, कारण ते किड्यासारखं लागतं. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवून पाहा. तसं कोरडं, ‘च्लिक्-च्लिक्-च्लिक्’ लांबत जाणारं. आवाजात ओलावा नाही, शीळ नाही. गवताच्या काडीवर किंवा झुडपाच्या शेंड्यावर बसून तो हे करतो, आणि आपण नाकतोडा समजून पुढे जातो.

जागेनेही निम्मा निकाल लागतो. वेताळ टेकडीवर वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाच्या दाट पट्ट्यात साधा वटवट्या मिळणं कठीण. त्याला गवत हवं. पाषाण तलावाची कड, नदीकाठचा पाणवठा, दिवे घाटाच्या वरचा माळ, शेताचे बांध. राखी बागेतही येतो, टेकडीच्या झुडपांतही असतो. शिंप्याला तर कोथरूडच्या सोसायटीतली दोन कुंड्यांमधली जागाही पुरते. मग महिना बघा. वटवट्यांचा गाण्याचा भर पावसाळ्यात असतो, जून ते सप्टेंबर. जानेवारीत झुडपातून खणखणीत, एकसुरी, न थकणारा आवाज आला तर आधी शिंप्याचं नाव घ्या आणि नंतर शंका काढा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. राखी आणि साधा हे दोघंही घाबरले की केविलवाणं ‘टी-टी-टी’ करतात, आणि त्या एका आवाजावरून त्यांच्यात फरक करायच्या फंदात मी पडत नाही. वहीत ‘वटवट्या’ एवढंच लिहिते. तुम्हीही लिहा. सिंहगडाच्या उतारावर त्यांचे आणखी दोन भाऊबंद भेटतील, रान वटवट्या आणि करड्या छातीचा वटवट्या. त्यांना या वर्षी हात लावू नका.

या तिघांवरून एक पद्धत तुमच्या लक्षात आली असेल. आवाज आला की ‘कोण?’ हा प्रश्न आधी विचारायचा नाही. चाल कशी आहे, सरळ की हेलकावणारी? पोत कसा आहे, शिळेचा, धातूचा, कोरडा की घोगरा? कुठून येतोय, जमिनीलगत, झुडपातून की झाडाच्या माथ्यावरून? आणि महिना कोणता? सवाई गंधर्व महोत्सवात मंडपाबाहेर चहाच्या रांगेत उभे असलेले लोक आत कोण गायला बसलंय हे पहिल्या आलापात सांगतात, ते शब्द ऐकून नव्हे. शब्द असतातच कुठे तेव्हा? आवाजाचा लगाव ऐकतात. तसंच हे आहे.

नंतर शब्द जरूर वापरा, पण तुमचे स्वतःचे. पावशाला ‘पेरते व्हा’ हे शब्द शेतकऱ्याने दिले आणि ते इतके चपखल आहेत की एकदा ऐकले की विसरत नाहीत. इंग्रजी पुस्तकांतली वाक्यं मराठी कानाला लागत नाहीत, मी पुष्कळ प्रयत्न केला. तोंडाने आवाज काढून पाहणं सगळ्यात चांगलं. पक्षीनिरीक्षक किरण पुरंदरे पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढून दाखवतात तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की आपण त्या आवाजातलं निम्मं ऐकलंच नव्हतं. तुमचा आवाज हुबेहूब यायची गरज नाही. नक्कल करताना तुम्हाला ठरवावं लागतं की सूर वर गेला की खाली, तीन होते की चार. त्यासाठीच ती करायची.

पावशाचं नाव निघालंच आहे तर त्याचंही सांगते. तो आणि कोकिळ यांच्यातही नवखे गोंधळतात, कारण दोघंही सूर चढवत नेतात. कोकिळाचं एकच ‘कुऊऽ’ दरवेळी थोडं वर सरकतं. पावशा तीन अक्षरांचा तुकडाच्या तुकडा वर नेतो, टिपेला पोचतो आणि एकदम गप्प होतो. ताम्हिणीकडे मे-जूनमध्ये गेलात आणि चार सुरांचा, संथ, न चढणारा आवाज आला, तर तो भारतीय कोकिळ (इंडियन कुकू), आपला नेहमीचा कोकिळ नव्हे. शास्त्राच्या हिशोबाने हे ‘गाणारे पक्षी’ नाहीत. तांबटही नाही. कावळा मात्र आहे! ज्या पक्षीगटाला हे नाव आहे त्यात कावळे, कोतवाल, चिमण्या सगळे येतात, आणि गाणं बरंचसं मोठ्यांचं ऐकून शिकणं ही त्यांची खासियत. पावशाला शिकवायला आईबाप भेटतच नाहीत, तो सातभाईच्या घरट्यात वाढतो आणि तरी ‘पेरते व्हा’च म्हणतो.

या गटाचं स्वरयंत्रही गमतीचं आहे. आपलं घशात वर असतं. पक्ष्यांचं खाली, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे, आणि गाणाऱ्या पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. दयाळ ऐन रंगात असताना दोन पक्षी एकदम गात आहेत असं वाटतं, ते उगाच नाही.

बुलबुलांसाठी जास्त वेळ घालवू नका. लालबुड्या बुलबुल तुटक, जरा ओबडधोबड बोलतो, शिपाई बुलबुल त्याच चालीत गोड आणि गोलाई असलेलं. शिपाई हिरव्या, ओलसर बाजूला जास्त, लालबुड्या कुठेही. पण लालबुड्याची बोंब मात्र पाठ करा, कारण ती तुम्हाला घुबड, साप, शिक्र्यासारखा शिकारी पक्षी दाखवेल.

शिक्र्यावरून आठवलं. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत, आतकरवाडीच्या वाटेवर, एकदा दहा-बारा जणांना घेऊन गेले होते. झाडीतून ‘टिटू-टिटू’ आलं. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मोठ्या खात्रीने ‘शिक्रा’ म्हणाले. साळुंक्या उडाल्या, म्हणजे त्यांचंही तेच मत होतं. मग त्याच फांदीवरून आधी कोतवालाचं करकरणं आलं, आणि मागून पुन्हा शिक्रा. कोतवाल शिक्र्याची नक्कल करून इतर पक्ष्यांना घाबरवतो हे मला वाचून माहीत होतं. वाचून. त्या दिवशी मी साळुंक्यांच्या रांगेत होते. नकला करणारे इथे बरेच आहेत: कोतवाल आणि त्याची भावंडं, खाटीक, हरेवा. हरेवा तर पिंपळाच्या झाडात बसून पाच मिनिटांत पाच पक्षी काढतो, आणि तुमचं ॲप पाचही नावं आज्ञाधारकपणे लिहून घेतं. ओळख अशी: खरा पक्षी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतो, नकल्या विषय बदलत राहतो. एकाच ठिकाणाहून घाईघाईने वेगवेगळे आवाज आले तर यादी करू नका, झाडाखाली जा.

कधी पक्ष्यालाच माणूस समजण्याचीही वेळ येते. पावसाळ्यात सिंहगडावर किंवा ताम्हिणीत ओढ्याच्या बाजूने, धुक्यातून कोणीतरी पोरगं अर्धवट आठवणारी चाल शिळेवर वाजवतंय असं वाटलं, तर तो शीळकरी कस्तूर. मी पहिल्यांदा त्याला ‘ए, वाट चुकलास का रे?’ अशी हाक दिली होती.

ॲपबद्दल. ते वापरा, पण नावासाठी नको. आवाज पडद्यावर सरकत्या चित्रात दिसतो, ते चित्र बघा. शिंपी म्हणजे सारख्या अंतरावर सारख्या उभ्या रेघा, कुंपणासारख्या. दयाळ म्हणजे लहान मुलाने खडू फिरवल्यासारख्या वळणदार ओळी. कानाला जे निसटतं ते डोळा पकडतो, आणि आठवड्याभरात कानही शहाणा होतो. ॲपला तुमची जागा आणि तारीख माहीत असते, पण तुम्ही गवतात उभे आहात की गिरिपुष्पाच्या दाटीत हे ठाऊक नसतं. ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून शेवटचा निकाल तुमचा. घरी ऐकायला झेनो-कँटो हे संकेतस्थळ चांगलं, २००५ पासून चालू आहे, जगभरातली ध्वनिमुद्रणं फुकट ऐकायला मिळतात. फक्त भारतातली निवडा, आणि एका पक्ष्याची एक नाही, दहा मुद्रणं ऐका. एकच ऐकलंत तर ते मुद्रण पाठ होईल, पक्षी होणार नाही.

हीच मुद्रणं टेकडीवर मोठ्याने वाजवून पक्षी बोलवायची टूम आहे. ती करू नका. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, मग तो खाणंपिणं, घरटं सोडून फोनशी भांडत बसतो. रविवारी वेताळ टेकडीवर किती लोक येतात ते तुम्ही पाहताच. प्रत्येकाने दोन-दोन मिनिटं वाजवलं तर त्या बिचाऱ्याचा हंगाम त्यातच जायचा.

सराव कसा करायचा? चालता चालता होत नाही. बुटांचा आवाज, गप्पा, कोणाच्या तरी खिशातलं गाणं. मुख्य वाट सोडून एका दगडावर दहा मिनिटं बसा, सूर्य उगवायच्या सुमारास, वारा सुटायच्या आत. पहिली तीन मिनिटं काहीच कळणार नाही. मग आवाज वेगवेगळे व्हायला लागतात. कानांमागे तळवे धरून बघा, ऐकणं किती बदलतं ते. वहीत नावं नाही, रेघा काढा: वर जाणारी, खाली येणारी, ठिपके, नागमोडी. शेजारी वेळ आणि झाड. एकाच दगडावर वर्षभर बसलात तर नव्या दहा जागा फिरण्यापेक्षा जास्त शिकाल. प्रत्येक आवाजामागे जाऊन पक्षी डोळ्यांनी पाहणं सुरुवातीला वेळखाऊ वाटेल. ते टाळू नका. स्वतः शोधून पाहिलेला आवाज राहतो, कोणी सांगितलेला पुढच्या रविवारपर्यंत जातो.

आणि कान तपासून घ्या, हे मी गंमतीने म्हणत नाही. वय वाढलं की वरच्या पट्टीचे सूर आधी जातात. फुलटोच्याचं ‘चिक्-चिक्’ आणि शिंजिरांची बारीक किलबिल मला पूर्वीसारखी लांबून येत नाही. बरोबर भाची असली की ती बोट दाखवते, मी दुर्बीण लावते. मला काही ऐकू येत नाही म्हणजे तिथे काही नाही, असं मी आता म्हणत नाही.

आता तुमचं ‘टक्’. ऑक्टोबर ते एप्रिलमधलं असेल तर हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांपैकी कोणीतरी आहे. घाणेरीच्या जाळीतून, जमिनीपासून हातभर उंचीवरून, थांबून थांबून, जाडसर ‘चक्’ येत असेल तर ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. त्याला पाहायचं तर जाळीसमोर न हलता उभं राहावं लागतं, एखाद्या फटीतून क्षणभर दिसतो. बाभूळ-हिवरासारख्या काटेरी झाडाच्या डोक्यातून, जिभेने टाळ्याला टिचकी दिल्यासारखं बारीक, कोरडं ‘टक्’ येत असेल तर लेसर व्हाइटथ्रोट. ‘टक्’ नसून ‘ट्र्र्र’ असेल, सावलीतल्या खालच्या फांदीवरून, आणि बोलणारा शेपटी वर उडवत असेल, तर लाल कंठाचा माशीमार किंवा त्याचा जुळ्यासारखा दिसणारा तैगा माशीमार. त्यांच्यातला फरक पुढच्या हिवाळ्यात.

पण तुम्ही महिना लिहिला नाहीत. हा आवाज जुलैतला असेल, पाहुणे अजून हजारो किलोमीटर लांब असतील, आणि ‘टक्-टक्’ तुम्ही जवळ गेल्यावर वाढत असेल, तर तो शिंपीच आहे. शिवलेलं पान जवळपासच कुठेतरी असणार. शोधू नका, दोन पावलं मागे सरका.